नेमस्पेसवाले भाऊ

आमच्या ऑफिसात माणसाला आडनाव विचारायला बंदी होती, आणि क्लासला आडनाव दिलं नाही तर डबा उघडायला बंदी होती. दोन्ही नियम भाऊंचे. दोन्ही कुठे लिहून लावलेले नव्हते. पण कारंजात बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर, कृषी केंद्राच्या वरच्या त्या दोन खोल्यांत, सहा वर्षांत पहिला नियम कोणी मोडल्याचं मला आठवत नाही. दुसरा एकदा मोडला गेला. तो मीच मोडला.

आधी थोडं समजावते. भाऊंविषयी सांगायला लागले की लोकांना वाटतं, मी शिकवणीच्या क्लासबद्दल बोलते आहे. आम्ही वेबसाइटी बनवायचो. तयार वेबसाइटला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम असतो, त्याला प्लगिन म्हणतात. बाजारभाव दाखवणारं एक, फॉर्म भरून घेणारं दुसरं. ते पीएचपी नावाच्या भाषेत लिहितात. त्या लिखाणाचे, म्हणजे कोडचे, कप्पे पाडतात, एका कप्प्यात एक काम, आणि त्या कप्प्याला क्लास म्हणतात. प्रत्येक क्लासला नाव द्यावं लागतं, आणि घोटाळा तिथेच होतो. एकाच वेबसाइटवर दहा जणांनी लिहिलेली दहा प्लगिनं असतात. त्यांतल्या दोघांनी आपापल्या क्लासला 'यादी' असं नाव दिलं, तर पीएचपी हात वर करतं आणि पान बंद पडतं. म्हणून क्लासला घराणं द्यायचं. अमक्याच्या घरचा 'यादी', तमक्याच्या घरचा 'यादी'. त्या घराण्याला नेमस्पेस म्हणतात. भाऊ त्याला कधी आडनाव म्हणायचे, कधी गाव.

नवीन माणूस आला की ते हेच त्यांच्या पद्धतीनं सांगायचे.

"आमच्या गावात पाच गजानन होते. एक चक्कीवाला, एक टेलर, एक बँडात वाजवे, दोन नुसतेच. 'गजानन' म्हणून आवाज दिला का पाचही मुंडके बाहेर. पन गावाचं भागते, कारन गावाले चेहरे पाठ असते. पीएचपीले चेहरा दिसत नाई. त्याले दुसरा गजानन दिसला का ते सारं गावच बंद करते. मंग काय करा लागते? चक्कीवाला गजानन म्हना, टेलर गजानन म्हना. एवढंच हाये. याच्यासाठी लोकं जाडे जाडे पुस्तकं लिवून राह्यले."

हे सांगताना ते खुर्चीवर मांडी घालून बसलेले असायचे, कीबोर्ड मांडीवर, आणि सुताराच्या कानावर असते तशी एक पेन्सिल कानावर. ती पेन्सिल लाकडावर नाही, कोडवर चालायची. भाऊ कोड पडद्यावर तपासत नसत. ते छापून घ्यायचे, गच्चीवर जायचे आणि येरझारा घालत मोठ्यानं वाचायचे. पूर्ण वाचून झालं की मगच कोड लोकांच्या हाती जायचं; त्याला ते रिलीज म्हणायचे. नेमस्पेसमध्ये दोन नावांच्या मध्ये एक उलटी तिरपी रेघ असते. ती आली की ते "च्या घरचा" असं वाचायचे. त्यामुळे आमच्या गच्चीवरून रोज सकाळी "वाशिमच्या घरच्या बाजारच्या घरचा भाव" असं काहीतरी ऐकू यायचं, आणि खाली कृषी केंद्रात सोयाबीनचं बियाणं घ्यायला आलेले लोक मान वर करून बघायचे. दुकानदार त्यांना सांगायचा, "काई नाई, वरचे भाऊ पोथी वाचून राह्यले."

मी पहिल्यांदा गेले, तेव्हा ते गच्चीवरच होते. मी किन्हीराजाची. वाशिमला कॉम्प्युटर घेऊन बीएस्सी केलं होतं आणि वर्षभर घरी बसले होते. कारंजातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं म्हणून आले.

"नाव?" त्यांनी विचारलं.

मी पूर्ण नाव सांगायला लागले. माझं, मग बाबांचं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून मला थांबवलं.

"बस. आडनाव राहू दे खिशात. ते इथं लागत नाई."

आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीनं छप्पन साली दीक्षा घेतली. आजोबा शेतमजूर होते, बाबा शाळेत शिपाई झाले, मी पदवीधर झाले. आडनाव सांगितल्यावर समोरचा माणूस एक श्वासभर थांबतो. ते थांबणं मी लहानपणापासून ओळखते. वाशिमला खोली भाड्यानं बघताना ओळखलं होतं, एका मुलाखतीत ओळखलं होतं. त्या गच्चीवर मी सवयीनं त्याची वाट बघत उभी राहिले, आणि ते आलंच नाही. भाऊंनी हातातला कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. उलट्या रेघेपाशी अडले, तेव्हा त्यांनी "च्या घरचा" म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा मी न अडता वाचलं.

"वाचता येते," ते म्हणाले. "लिवनं आपोआप येईन. उद्यापासून ये."

मुलाखत संपली. पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं की त्यांनी मला गुणपत्रिकाही विचारली नव्हती.

भाऊंचं आडनाव मला चार वर्षं माहीत नव्हतं. मग एकदा त्यांचं कुठलंसं ओळखपत्र टेबलावर राहिलं आणि कळलं. ते मी इथे लिहिणार नाही. ज्या माणसानं माझं खिशात राहू दिलं, त्याचं मी चारचौघांत काढावं, हे मला पटत नाही.

ते आधी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. कॉम्प्युटर पुसायचे, बटणं चालू करायची, मुलं गेली की बटणं बंद करायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी असायची, तेव्हा मुखपृष्ठ गेलेल्या एका पुस्तकावरून ते पीएचपी शिकले. पुस्तक इंग्रजी, आणि भाऊंचं शिक्षण सगळं मराठीत. "मले इंग्रजी एररनं शिकवलं," असं ते म्हणायचे, आणि ते अगदी खरं होतं. त्यांचं इंग्रजी एररच्या संदेशांमधलंच होतं. डब्यात लोणचं नसलं की "लोणचं नॉट फाउंड". वाशिमची एसटी वेळेआधी आली की "अनएक्स्पेक्टेड". एकदा एका ग्राहकानं ठरलेलं काम दुसऱ्यांदा समजावून सांगायला सुरुवात केली, तर भाऊ हात जोडून म्हणाले, "साहेब, ऑलरेडी डिक्लेअर्ड." ग्राहकाला वाटलं, यांचं इंग्रजी फार चांगलं आहे.

एरर आली की आम्ही घाबरायचो. त्यांना त्याचा राग यायचा. "पूर्न वाच पह्यले. ते तुले शिव्या देऊन नाई राह्यलं. पत्ता सांगून राह्यलं. फाइल सांगते, ओळ सांगते, अजून काय पाहिजे?" संदेश शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्याशिवाय ते आम्हाला जागचं उठू द्यायचे नाहीत.

फाइलींच्या बाबतीत तर ते फारच कडक. एका फाइलीत एकच क्लास. नेमस्पेसमध्ये जे गाव, त्याच नावाचा फोल्डर. फोल्डर 'बाजार' आणि आत लिहिलेलं 'दुकान', असं दिसलं की विचारायचे, "दारावर एक पाटी आन् आत दुसरंच बिऱ्हाड? टपालवाल्यानं काय करावं?" आणि नेमस्पेस नसलेला क्लास दिसला की पेन्सिलीनं त्याच्याभोवती गोल काढायचे, कागद माझ्यापुढे सरकवायचे आणि एवढंच विचारायचे, "हा कोनाचा व्हय?" तो कोणाचा तरी होईपर्यंत डबा नाही. डबे आमचे सगळ्यांचे एकत्रच उघडायचे, म्हणजे एकीच्या क्लासपायी तिघं उपाशी. आम्ही हसायचो, चिडायचो, आणि क्लासला गाव देऊन टाकायचो.

गाव कोणतं द्यायचं, तेही ठरलेलं. नेमस्पेसमधला पहिला शब्द बनवणाऱ्याचा असतो. कोणी कंपनीचं नाव देतं, कोणी स्वतःचं. भाऊंनी सगळ्या कोडला पहिला शब्द 'वाशिम' दिला होता.

"कारंजा काहून नाही?" आमच्यातली एक कारंजाची होती, तिनं विचारलं.

"मंग ही म्हनन किन्हीराजा काहून नाई. जिल्ह्याचं नाव दिलं का भांडन मिटलं."

आता भाऊ ऑफिसला येत नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून बारीक अक्षर दिसत नाही. ऑफिस मी बघते. आठवड्यातून दोनदा मी त्यांच्या घरी जाते आणि नवीन फाइल त्यांना वाचून दाखवते. ते डोळे मिटून ऐकतात. एखादा स्वल्पविराम चुकला तर त्यांना ऐकूनही कळतं. मी अजून त्यांना विचारलेलं नाही की कसं कळतं.

नियम मोडला ती गोष्ट पोहरादेवीच्या यात्रेची.

यात्रेला माणूस लोटतो. बंजारा समाजाची माणसं महाराष्ट्रातून येतात, तेलंगणातून येतात, कर्नाटकातून येतात, आणि गर्दीत घरचं माणूस सुटतं. मानोऱ्याकडची काही मंडळी दरवर्षी स्वखुशीनं मदतीचे टेबल लावायची. त्यांचे प्रमुख एक निवृत्त मास्तर होते. मास्तरांना वाटलं, टेबल पाच आणि अंतर इतकं, एका टेबलावर बसलेलं हरवलेलं माणूस दुसऱ्या टेबलावरच्या नातेवाइकांना कळावं कसं? त्यांनी भाऊंना विचारलं. भाऊंनी काम फुकट घेतलं आणि मला दिलं. मी त्यांच्या वेबसाइटसाठी हरवले-सापडलेचं प्लगिन लिहिलं. कोणत्याही टेबलावरच्या माणसानं फोनवर नाव, गाव, वय, अंगावरचे कपडे भरायचे, की ते पाचही टेबलांवर दिसायचं. भाऊंनी सगळं छापून गच्चीवर वाचलं. दोन ठिकाणी गोल काढले. मी ते दुरुस्त केले.

यात्रेच्या आदल्या दुपारी मास्तरांचा फोन आला, फोटोही घेता आला तर बरं. मी तासाभरात एक नवीन फाइल लिहिली. क्लासचं नाव 'नोंदणी'. भाऊ विचारायला आले, "छापू का?" मी म्हटलं, "किरकोळ आहे भाऊ, आधी वाचलेलंच आहे, थोडंसं वाढवलंय." ते खोटं होतं. फाइल नवी होती आणि तिच्या वर गावाची ओळ नव्हती. नंतर टाकू म्हणून राहिली, मी विसरले आणि डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पोहरादेवीला होतो. चैत्रातलं ऊन. सकाळी सगळं सुरळीत. त्याच सकाळी मास्तरांच्या एका पुतण्यानं त्याच वेबसाइटवर मुक्कामाच्या खोल्यांसाठी दुसरं एक प्लगिन चालू केलं. कोणा तिसऱ्यानं लिहिलेलं. चालू करताना काही बिघडलं नाही. पण दुपारी त्या प्लगिनचा फॉर्म आमच्या पानाला जोडला गेला आणि आमचं पान पांढरं झालं. पाचही टेबलांवर पांढरं.

तिसऱ्या टेबलावर त्या वेळी एक म्हातारबाबा बसलेले होते. तेलंगणातून आलेले. गोरमाटीशिवाय भाषा नाही. आपलं नाव आणि तांड्याचं नाव, एवढं सांगायचे आणि पुन्हा तेच सांगायचे. पाणी दिलं तर घेत नव्हते. टेबलावरची बाई फोन हलवत होती, जणू हलवल्यावर पान येईल.

मास्तर घाम पुसत आले. "भाऊ, तुमचं कोड बसलं!"

भाऊ मला म्हणाले, "पांढऱ्या पानामागं एरर असतेच. काढ."

मी लॅपटॉपवर काढली. भाऊंनी माझ्या खांद्यावरून वाकून स्वतः वाचली, शेवटच्या शब्दापर्यंत. नोंदणी नावाचा क्लास आधीच आहे, असं म्हणत होती. त्या दुसऱ्या प्लगिनमध्येही 'नोंदणी' होता, आणि त्यालाही गाव नव्हतं. आणि एररनं सांगितलेली फाइल माझी होती.

"ते खोल्यांचं बंद करून टाका ना," मास्तर म्हणाले. "आपलं चालू होईल."

"त्याच्यात लोकाइच्या खोल्या हायेत," भाऊ म्हणाले. "लेकरं घेऊन आलेले लोक उन्हात उभे राहतीन. त्याले कायले काढता? आमची ओळ राह्यली, आमी टाकतो."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "किती वेळ?"

"नेटवर्क मिळालं तर अर्धा तास."

"मंग नेटवर्क पाह्य. तोवर मी हावो."

गर्दीमुळे रेंज जेमतेम होती, पान उघडण्यापुरती; फाइल चढवायला पुरत नव्हती. पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर थोडी जास्त मिळत होती. मी लॅपटॉप घेऊन तिथे चढून बसले. आणि भाऊंनी मास्तरांच्या वहीचे कागद फाडले, पेन्सिल कानावरून काढली आणि पाच टेबलांच्या मध्ये चालायला सुरुवात केली. एका टेबलावर लिहून घ्यायचं, पुढच्या टेबलावर मोठ्यानं वाचायचं, तिथलं लिहून घ्यायचं. पंचावन्नच्या पुढचा माणूस, डोक्यावर रुमाल. मला जिन्यावरून त्यांचा आवाज ऐकू येत होता. गच्चीवरचाच आवाज, तोच सूर. "टेबल तीन, म्हातारबाबा, पांढरा फेटा, तांड्याचं नाव ऐका…"

मी फाइल उघडली. वरती गावाची ओळ टाकली: वाशिम, उलटी रेघ, जत्रा. फाइल 'जत्रा' फोल्डरमध्ये हलवली. जिथे जिथे 'नोंदणी'ला हाक मारली होती, तिथे तिथे गावासकट हाक दिली. चढवली. पान उघडलं आणि नवीन एरर. तारखेचा क्लास सापडत नाही म्हणे. तारखेचा क्लास तर पीएचपीचाच असतो, तो सापडत नाही म्हणजे काय?

मी जिन्यावरून ओरडले, "भाऊ! आता म्हणते तारखेचा क्लास सापडत नाही!"

ते दूर होते, दोन टेबलांच्या मध्ये, गर्दीत. त्यांनी लॅपटॉप पाहिला नव्हता, फाइल तर त्यांनी कधीच पाहिली नव्हती. ते थांबलेही नाहीत. चालता चालता मान वर करून ओरडले, "तारीख आपल्या घरची नाई! पीएचपीच्या घरची हाये! तू घरात पाहून राह्यली! पुढं रेघ दे!"

आजूबाजूची माणसं कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती. मी तारखेच्या क्लासपुढे एक उलटी रेघ दिली. क्लासला गाव दिलं की तो सगळ्यांना फक्त आपल्याच गावात शोधतो. बाहेरच्याला हाक मारायची तर पुढे रेघ देऊन सांगावं लागतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पाच गुणांना. कळलं त्या जिन्यावर.

पान आलं. पाचही टेबलांवर आलं. खोल्यांचं पानही चालूच राहिलं.

म्हातारबाबांची मुलगी नुकतीच पाचव्या टेबलावर येऊन उभी राहिली होती. नोंद दिसताच ती धावत तिसऱ्या टेबलाकडे आली, आणि दोघं एकमेकांना गोरमाटीत इतकं रागावले की आम्हाला वाटलं भांडण लागतं. मग म्हाताऱ्यांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि एका दमात संपवला.

मास्तरांनी विचारलं, "भाऊ, काय झालं होतं नेमकं?"

"माह्याकडून एक ओळ राह्यली होती."

"त्यांच्याकडून नाही," मी म्हटलं. "माझ्याकडून. आणि मी त्यांना खोटं सांगितलं."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मध्ये बोलायला नको होतं. मग म्हणाले, "लिवनं हिचं काम होतं. वाचनं माह्यं. मी वाचलं नाई."

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मीही नाही. परतीच्या एसटीत मी रडेन असं वाटत होतं, तर ते म्हणाले, "त्या खोल्यांच्या प्लगिनवाल्याचा नंबर घेतला का? फोन लाव. त्यालेबी गाव नाई. उद्या दुसऱ्या कोनाशी धडकन." तो अमरावतीचा निघाला. आधी चिडला, तुमचं बंद पडलं तर मला काय सांगता म्हणाला. भाऊंनी त्याला पाच गजाननांची गोष्ट सांगितली. मानोऱ्यापासून कारंजापर्यंत सांगितली. आम्ही उतरलो तेव्हा फोनवरचा तो माणूस त्यांना 'सर' म्हणत होता आणि भाऊ त्याला सांगत होते की सर नको, भाऊ म्हण.

त्या यात्रेनंतर ते प्लगिन लोकांना माहीत झालं. आम्ही ते खुलं ठेवलं होतं, कोणीही घ्यावं, वापरावं. वर्षभरानं पुण्याच्या एका कंपनीचा निरोप आला. मोठमोठ्या कार्यक्रमांची कामं करणारी कंपनी. त्यांना आमचं प्लगिन पाहिजे होतं, आणि ते लिहिणारीही पाहिजे होती. मला पुण्यात नोकरी. ऑफिसला कायमचं काम. व्हिडिओ कॉलवर त्यांचा माणूस चांगलं बोलत होता. सगळं ठरल्यावर म्हणाला, "एकच छोटी गोष्ट. नेमस्पेसमधला पहिला शब्द बदलून आमच्या कंपनीचं नाव टाका. 'वाशिम' काय आहे, हे आमच्या क्लायंटला कळत नाही. थोडं लोकल वाटतं."

खोलीत आम्ही तिघी आणि भाऊ. आम्ही सगळ्या भाऊंकडे पाहायला लागलो.

भाऊ म्हणाले, "कोड हिनं लिवलं. हिले विचारा."

मला ते अपेक्षित नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं, ते कानावरची पेन्सिल काढून तिचं टोक पाहत बसले होते. मदत मिळणार नव्हती. पुण्याची नोकरी माझ्या घरात आजवर कोणी केली नव्हती. आईनं तर शेजारी सांगूनही टाकलं होतं.

मी म्हणाले, "सर, कोड खुलं आहे. तुम्ही न्या, पाहिजे तर बदला, तुम्हाला कोणी अडवणार नाही. पण आम्ही आमच्या हातानं बदलणार नाही. ते कुठून आलंय, ते त्याच्यावर लिहिलेलं राहील."

तो म्हणाला, "एका शब्दासाठी?"

"तुम्हीही एका शब्दासाठीच म्हणताय," मी म्हटलं.

कॉल संपला. भाऊ उठले, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "डबे काढा."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. कंपनीनं आमचं कोड घेतलं, शब्द बदलला आणि स्वतः चालवलं. आम्ही त्यात सुधारणा करत राहिलो, पण त्यांच्या बदललेल्या प्रतीला आमच्या सुधारणा लागेनात. कित्येक महिन्यांनी त्याच माणसाचा मेल आला, आम्ही मूळ नावावर परत आलो आहोत, आता एक अडचण आहे, मदत कराल का. केली. आता त्यांच्या कार्यक्रमांत जिथे कुठे कोणी फोनवर नाव नोंदवतं, तिथे आत कुठेतरी पहिला शब्द वाशिम असतो. पण हे पुष्कळ नंतरचं.

कॉलनंतरच्या सोमवारी बाबा कारंजाला आले. न सांगता. धुतलेला पांढरा शर्ट, हातात पिशवी. ते ऑफिसात कधीच आले नव्हते. दारातच उभे राहिले. भाऊंनी उठून स्वतःची खुर्ची दिली.

"बसा. पानी आनतो."

बाबा बसले नाहीत. "पोरीनं पुन्याची नोकरी नाई म्हटली म्हनते," ते भाऊंना म्हणाले. "मले फक्त एवढं सांगा, काहून? पगाराचं काही होतं का? का तुमी नाई म्हटलं?"

"मी काई नाई म्हटलं. तिले विचारा."

बाबा माझ्याकडे वळले. मी फाइल छापली आणि पहिलं पान त्यांच्या हातात दिलं. बाबांचं इंग्रजी शाळेच्या फळ्यावरून शिकलेलं, वर्ग झाडताना. एकेक अक्षर बोटानं लावत त्यांनी वरची ओळ वाचली. पहिल्याच शब्दावर थांबले.

"हे वाशिम हाये का?"

"हो."

"हे इथं काहून?"

"हे मी लिहिलंय बाबा. जिथे जाईल तिथे हे नाव घेऊन जातं. ते म्हणत होते, हे काढा आणि आमचं टाका. मग नोकरी."

बाबांनी त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "आन् तुहं नाव?"

मी खाली बोट दाखवलं. लिहिणाऱ्याचं नाव, म्हणून माझं पहिलं नाव होतं.

"आडनाव नाई टाकलं."

मी भाऊंकडे बघितलं. भाऊ बाबांकडे बघत होते. दोघांचं वय सारखंच असेल.

"टाकायचं असन तर टाक ना, बाई," भाऊ मला म्हणाले. "मी फक्त विचारत नाई. सांगू नको असं कवा म्हटलं?"

मी तिथेच, बाबांसमोर, फाइल उघडली आणि नावापुढे आडनाव लिहिलं. पुन्हा छापलं. नवा कागद बाबांनी घेतला, जुना मला परत दिला. मग खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.

"बरं केलं," पाणी पिऊन ते म्हणाले. एवढंच. नोकरीचं त्यांनी पुन्हा काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

दुपारच्या एसटीनं ते परत गेले. आईनं मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, बाबांनी बसमध्ये तो कागद कंडक्टरला दाखवला. कंडक्टर मंगरूळकडचा, ओळखीचा ना पाळखीचा. त्यानं तिकिटाचं मशीन बगलेत धरलं आणि दांड्याला टेकून पहिल्या ओळीपासून खालच्या नावापर्यंत सगळं वाचलं. मग बाबांना विचारलं, "ही कोन तुमची?" आणि बाबांनी सांगितलं.

मी हे भाऊंना गच्चीवर जाऊन सांगितलं. ते येरझारा घालायचे थांबले.

"कंडक्टरनं वाचलं?"

"हो."

"पूर्न?"

"पूर्ण, भाऊ. खालच्या नावापर्यंत."

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली, हातातल्या कागदांची घडी केली आणि म्हणाले, "मंग झालं आपलं रिलीज."